लांबचं विमान सुटलं, जवळचं सापडलं

विमान कंपन्यांना कार्बन परवान्यांच्या बाजारात ओढायचा विषय निघाला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. "म्हणजे तिकिटं महागणार. सामान्य माणसाने विमानात बसायचंच नाही का?" थोडी महागतील, हो. किती, तो हिशेब खाली मांडतो. पण माझी तक्रार वेगळी आहे. युरोपने (म्हणजे युरोपियन युनियनने) 2012 मध्ये विमानांना या बाजारात घेतलं खरं, पण ज्या फेऱ्यांतून सगळ्यात जास्त धूर निघतो नेमक्या त्याच पुन्हा बाहेर काढल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा कारभार आहे.

आधी व्यवस्था काय ते पटकन सांगतो. अमुक क्षेत्रांतून वर्षाला एकूण किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू द्यायचा ते सरकार ठरवतं आणि तेवढ्याच टनांचे परवाने काढतं. एक परवाना, एक टन. वर्ष संपलं की जितके टन सोडले तितके परवाने कंपनीने जमा करायचे. कमी पडले तर बाजारातून घ्यायचे, उरले तर विकायचे. एकूण आकडा वर्षागणिक खाली आणायचा. युरोपात वीजकेंद्रं आणि मोठे कारखाने 2005 पासून यात आहेत. विमानं तेव्हा नव्हती. वर व्यावसायिक उड्डाणांच्या इंधनाला युरोपच्या 2003 च्या ऊर्जाकराच्या नियमांत सूटही दिलेली. म्हणजे त्या काळी त्याच दोन शहरांमधला प्रवास विजेच्या आगगाडीने केला तर विजेच्या दरात परवान्याची किंमत मुरलेली, आणि विमानाने केला तर ना कर ना परवाना. हे न्याय्य कसं, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही.

"विमानाचा धूर मोजणार कसा?" असंही विचारतात. उलट कारखान्याच्या चिमणीपेक्षा विमानाचं मोजणं सोपं आहे. उड्डाणाआधी टाक्यांत किती इंधन आहे हे वैमानिकाला किलोत माहीत असावंच लागतं, कारण विमानाचं एकूण वजन, धावपट्टीवर किती धाव लागेल, सगळं त्यावर ठरतं. टँकरचा मीटर लिटर दाखवतो, त्याला घनतेने गुणून किलो काढतात. या फेरीसाठी इंधन भरल्यावर टाकीत किती होतं, पुढच्या फेरीसाठी भरल्यावर किती झालं आणि त्या वेळी किती ओतलं, या तीन आकड्यांतून जळालेलं इंधन निघतं. त्याला 3.16 ने गुणा, झाला कार्बन डायऑक्साइड. (एक किलो इंधनातून तीन किलोंहून जास्त वायू कसा? जळताना इंधनातला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, वजन त्याचं वाढतं.) या नोंदी कंपन्या इंधनाच्या खर्चासाठी आणि सुरक्षेसाठी आधीपासूनच ठेवत होत्या. त्यामुळे मोजण्याच्या अडचणीचं कारण कोणी पुढे केलं की मी पुढचं फारसं ऐकत नाही.

आता तिकीट. बऱ्यापैकी भरलेलं आधुनिक विमान माणशी शंभर किलोमीटरला ढोबळमानाने तीन लिटर इंधन जाळतं. हजार किलोमीटरला तीस लिटर, म्हणजे चोवीस किलो, म्हणजे सुमारे 76 किलो कार्बन डायऑक्साइड. परवाना टनाला 70 युरो धरू. (फेब्रुवारी 2023 मध्ये तो 100 युरोंच्या वर गेला होता, त्याआधी कित्येक वर्षं दहाच्याही खाली लोळत होता.) माणशी साडेपाच युरोसुद्धा होत नाहीत. पसंतीची खिडकी निवडायला कंपन्या याहून जास्त घेतात. आता सात हजार किलोमीटरचा प्रवास घ्या. तोच हिशेब माणशी 37 युरोंवर जातो. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा, कारण तो कोणी भरतच नाही.

मूळ कायदा असा नव्हता. 2008 मध्ये तो झाला तेव्हा ठरलं होतं की 1 जानेवारी 2012 पासून युरोपात उतरणारी आणि तिथून उडणारी प्रत्येक फेरी यात येईल, कंपनी कुठल्याही देशाची असो, आणि मोजणी पूर्ण अंतराची होईल. अमेरिकी कंपन्या कोर्टात गेल्या. 21 डिसेंबर 2011 ला युरोपियन न्यायालयाने कायदा वैध ठरवला. मग राजकारण सुरू झालं. भारताने आणि चीनने आपापल्या कंपन्यांना बजावलं की युरोपला आकडे द्यायचे नाहीत. चीनने युरोपच्या एअरबस कंपनीच्या विमानांची खरेदी अडवून धरली. विरोधातल्या देशांनी आधी दिल्लीत आणि नंतर मॉस्कोत बैठका घेऊन जाहीरनामे काढले. अमेरिकेत तर आपल्या कंपन्यांना या योजनेपासून दूर ठेवता येईल असा कायदाच झाला, आणि त्यावर सही केली ती हवामानबदलाबद्दल भरभरून बोलणाऱ्या ओबामांनी. तोवर युरोप नमलाही होता. 12 नोव्हेंबर 2012 ला हवामान आयुक्त कॉनी हेडेगार्ड यांनी "घड्याळ थांबवतो" असं जाहीर केलं. युरोपच्या आतल्या फेऱ्या चालू, बाहेरच्यांना तूर्त माफी. ते 'तूर्त' आधी 2016 पर्यंत लांबलं, मग 2023 पर्यंत, मग 2026 अखेरपर्यंत.

यात नुकसान किती? युरोपातल्या विमान वाहतूक नियंत्रणाचं काम पाहणाऱ्या युरोकंट्रोल या संस्थेचे आकडे पाहा. युरोपातून निघणाऱ्या फेऱ्यांपैकी चार हजार किलोमीटरहून लांबच्या जेमतेम सहा टक्के, पण कार्बन डायऑक्साइडमध्ये त्यांचा वाटा जवळजवळ निम्मा. घड्याळ थांबवून युरोपने हा निम्मा धूर सोडून दिला.

भारताचा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. 1992 च्या हवामान करारात मान्य झालंय की जबाबदारी सगळ्यांची असली तरी सारखी नाही, ज्यांनी आधी वातावरण भरून टाकलं त्यांनी जास्त उचलायचं. आणि 1944 च्या शिकागो करारापासून विमान वाहतुकीचं तत्त्व याच्या बरोबर उलट आहे. कुठल्या देशाची कंपनी म्हणून भेदभाव करायचा नाही, सगळ्यांना एकच नियम. एका करारानुसार वेगळं वागवणं हा न्याय, दुसऱ्यानुसार तोच अन्याय. युरोपने दुसरा धरला, भारताने पहिला, आणि घोडं तिथेच पेंड खात राहिलं. वाट निघाली असती असं मला वाटतं, पण त्यासाठी खिसा उघडावा लागला असता. परवान्यांच्या लिलावातून आलेला पैसा हवामानाच्या कामासाठी वापरला जावा एवढी नुसती अपेक्षा कायद्यात होती, सक्ती नव्हती. दुसऱ्या देशाच्या विमानाने दुसऱ्या देशाच्या आकाशात सोडलेल्या धुराचे पैसे घ्यायचे आणि ठेवायचे स्वतःच्या तिजोरीत, हे कोण मान्य करेल? त्यातला ठरलेला वाटा गरीब देशांना बांधून दिला असता तर निदान विरोधकांची एकजूट तरी फुटली असती.

दुसरी गोची फुकट वाटपाची. 2013 पासून विमानांच्या परवान्यांपैकी 82 टक्के फुकट होते, लिलावात फक्त 15, उरलेले 3 नव्या कंपन्यांसाठी राखीव. ऐकायला उदार वाटतं. पण फुकट मिळालेला परवानाही बाजारात विकता येतो. मग तो स्वतः वापरला की तेवढी विक्री हुकली, आणि कंपनीचा हिशेबनीस ती किंमत खर्च म्हणूनच धरणार. स्पर्धेने परवानगी दिली की ती भाड्यात चढते. परवाना आला फुकट, प्रवाशाने मोजले पैसे, मधला फरक कंपनीचा. वीज कंपन्यांनी हाच खेळ 2005 नंतर खेळून दाखवला होता. तरी विमानांना तेच दिलं! 2024 मध्ये हे फुकट वाटप पाव भागाने कमी झालं, 2025 मध्ये निम्म्याने, आणि 2026 पासून सगळं लिलावात. उशिरा का होईना, हे झालं ते बरं झालं.

"पण आता जागतिक योजना आहे ना, कॉर्सिया?" आहे. घड्याळ थांबवलं होतं तेच मुळी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेला वेळ द्यायला, आणि 2016 मध्ये तिने ही योजना आणली. पण यात कमाल मर्यादाच नाही. 2019 च्या पातळीपर्यंत कितीही धूर सोडा, प्रश्न नाही. त्याच्या वर गेलात तर तेवढ्यापुरती दुसऱ्या कोणी केलेल्या बचतीची क्रेडिट्स विकत घ्या. 2024 पासून ती रेषा 2019 च्या 85 टक्क्यांवर आणली आहे. 2021 ते 2023 या पहिल्या तीन वर्षांत कोविडमुळे रेषा ओलांडलीच गेली नाही, म्हणून कोणालाही एक क्रेडिट घ्यावं लागलं नाही. सहभाग 2026 पर्यंत ऐच्छिक, सक्ती 2027 पासून. युरोपच्या बाजारात विमान कंपनी परवाना विकत घेते तेव्हा तेवढा धूर मर्यादेतल्या दुसऱ्या कोणाला तरी कमी करावा लागतो. कॉर्सियात जंगल वाचवल्याचा कागद येतो, आणि ते जंगल एरवी तुटणार होतं का हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही.

आणि सामान्य माणसाच्या कळवळ्याबद्दल थोडं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की 2018 मध्ये जगातल्या सुमारे 11 टक्केच लोकांनी विमानप्रवास केला. बाकीचे जमिनीवरच होते. युरोपच्या नियमांत खरी चैन कोणाची आहे माहीत आहे? बिगर-व्यावसायिक उड्डाणं वर्षाला 1,000 टनांच्या आत असतील तर त्या विमानमालकाला परवान्यांची गरजच नाही. हजार टन म्हणजे तीनशेहून जास्त टन इंधन. मोठ्या खासगी जेटला तासाला एक ते दीड टन लागतं. म्हणजे वर्षाला दोनशे-तीनशे तास आपल्या विमानातून खुशाल फिरा, कोणी हिशेब विचारणार नाही. स्वस्त तिकिटाच्या प्रवाशाला मात्र साडेपाच युरो. (परदेशी राष्ट्रप्रमुखांच्या आणि मंत्र्यांच्या सरकारी दौऱ्यांनाही सूट आहे, म्हणजे हवामान परिषदेला जाणारी विमानं त्यात आलीच.)

युरोपच्या कायद्याच्या 2023 च्या सुधारणेत एक कलम आहे. कॉर्सिया पुरेशी आहे का हे जुलै 2026 पर्यंत तपासायचं, आणि नसेल तर 2027 पासून युरोपातून बाहेर जाणाऱ्या फेऱ्याही बाजारात घ्यायचा प्रस्ताव मांडायचा. फक्त जाणाऱ्या, येणाऱ्या नाहीत. मला ही विभागणी 2008 पेक्षा कितीतरी शहाणी वाटते. ज्या देशातून विमान सुटतं त्याने त्या फेरीचे पैसे घ्यावेत. परतीच्या फेरीचा हक्क दुसऱ्या देशाचा, त्याने तो वापरावा किंवा सोडून द्यावा. 2012 मध्ये सार्वभौमत्वाच्या नावाने जे भांडण झालं त्याचा बराचसा दारूगोळा यात निघून जातो.

विमान कंपन्यांचा यावर एक आक्षेप खरा आहे. प्रवासी युरोपातून इस्तंबूल किंवा दुबईपर्यंत जाईल, तिथे विमान बदलेल आणि पुढचा लांबचा टप्पा परवान्याशिवाय उडेल. काही जण जातीलच. पण 37 युरोंतले थोडेफार वाचवायला रात्री दोन वाजता तिसऱ्याच विमानतळावर चार तास ताटकळणारे किती निघतील? आणि पश्चिम युरोपातून दुबईपर्यंतचा पहिला टप्पाच चार हजार किलोमीटरांच्या पुढे जातो, त्याचे परवाने तर भरावेच लागतील.