सड्यावर काहीही न सापडण्याचे शास्त्र

कोकणातल्या एखाद्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, बॉक्साइटची खाण प्रस्तावित असेल आणि तेथील वन्यजीव अधिवासाचे मूल्यमापन आपल्याकडे सोपवले गेले असेल, तर दुर्बिणीच्या आधी दिनदर्शिका काढावी. अशा प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांच्या अहवालासाठी पावसाळा वगळून कोणत्याही एका ऋतूतील माहिती सहसा पुरेशी मानली जाते. पावसात धूळ खाली बसते, तेव्हा हवेतील धूळ कोरड्या दिवसांत मोजावी हे समजण्यासारखे आहे. बेडूकही त्याच दिवसांत मोजता येतात, हा मात्र आपल्या व्यवसायाला लाभलेला आशीर्वादच म्हणावा लागेल.

त्याचे कारण असे की सडा जगतो तो जून ते सप्टेंबर. पहिल्या सरींनंतर जांभ्याच्या फटींतून दीपकाडीची पांढरी फुले वर येतात, पाणी साचलेल्या खळग्यांभोवती गेंद आणि सीतेची आसवे यांचे ताटवे पसरतात, आणि दगडांखालच्या ओल्या मातीत देवगांडूळ हा बेडकांचा बिनपायांचा नातलग हिंडू लागतो. यांपैकी दीपकाडी तर कोकण-गोव्याच्या पट्ट्याबाहेर जवळजवळ कुठेच उगवत नाही. म्हणून आपण एप्रिलमध्ये जावे. तेव्हा तेथे काळा कातळ, सुकलेले गवत आणि ऊन एवढेच असते, आणि ‘आढळले नाही’ हे वाक्य शपथेवर लिहिता येते. त्यातूनही मनाला टोचणी लागलीच, तर सातबारा उघडावा. तेथे ही जमीन बहुधा ‘पोटखराब’ म्हणून नोंदलेली असते, आणि जी जमीन मुळातच खराब ठरली तिला आपण आणखी काय बिघडवणार?

सस्तन प्राण्यांच्या बाबतीत थोडी अधिक दक्षता लागते, कारण गवा, बिबट्या आणि खवले मांजर हे वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि त्यांची नोंद झाली की संवर्धन आराखडा व त्याचा खर्च मागितला जातो. सुदैवाने अभ्यासक्षेत्र खाणपट्ट्यापासून 10 किलोमीटरपर्यंत धरले जाते व त्याचे गाभा (खुद्द खाणपट्टा) आणि बाह्य (त्याच्या भोवतालचा परिसर) असे दोन भाग पडतात. सगळे प्राणी बाह्य क्षेत्रात ठेवावेत. गव्याचे शेण अगदी गाभ्याच्या मधोमध दिसले, तरी तो ‘अधूनमधून ये-जा करतो’ असे लिहावे. रस्त्याने जाणाऱ्याला कोणी रहिवासी म्हणत नाही.

प्रजातींची यादी शेजारच्या प्रकल्पाच्या अहवालातून घेण्यास हरकत नाही, मात्र शेजार जवळचा असावा. रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातील खाणीचा मजकूर जसाच्या तसा उतरला होता, आणि त्यामुळे कोकणातले पक्षी स्प्रूस व बर्चच्या जंगलांत राहू लागले. नक्कल करताना निदान झाडे तरी बदलावीत, एवढी अपेक्षा खाणमालकाचीही असते, आणि मानधन तोच देत असल्यामुळे ती रास्तच म्हटली पाहिजे.

अहवालाच्या शेवटी हरितपट्टा अवश्य सुचवावा. ज्या सड्यावर मातीचा थर मुळात बोटभर आणि ज्याची सारी श्रीमंती गुडघ्याच्या खाली, तेथे हजारो ऑस्ट्रेलियन अकेशिया लावण्याचे आश्वासन दिले की नकाशावर हिरवा रंग पूर्वीपेक्षा वाढतो. अहवाल तपासणाऱ्या समितीला हिरवा रंग आवडतो.

क्षेत्रभेटीत एखादा गुराखी भेटेल. आपण रिकाम्या कातळाची छायाचित्रे घेत आहात हे पाहून तो सांगेल, “पाऊस लागलो की येवा, मगे सडो बघा.” त्याला नम्रपणे ‘नक्की’ म्हणावे, त्याने दिलेले पाणी प्यावे आणि अहवाल मे महिन्याच्या आत सादर करावा.