शस्त्रसंधी झाली, पुढं काय?

मे २०२५ मधले भारत-पाकिस्तान संघर्षाचे ते दिवस आठवा. चॅनेलवाले स्टुडिओत सायरन वाजवत होते आणि आमच्या गावच्या ग्रुपवर 'आता थांबायचं नाही' असे मेसेज धडाधड पडत होते. १० मेला शस्त्रसंधी झाली, पुढच्या आठवड्यात थांबलेली आयपीएल पुन्हा सुरू झाली, विषय मिटला. पुंछमध्ये तोफगोळ्यांनी लहान मुलंही मारली गेली होती. जी वाचली त्यांना आता झोप लागते का, हे आमच्या ग्रुपवर कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

मला हे लागतं, कारण माझे मामा आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होते. कारगिलच्या वेळी द्रास भागात. २६ जुलैला शाळेत दरवर्षी त्यांना शाल-नारळ असतो. युद्धाबद्दल ते फारसं बोलत नाहीत. एकदाच म्हणाले, "स्ट्रेचर कमी आणि माणसं जास्त असली की आधी कुणाला खाली न्यायचं ते ठरवावं लागतं. ओरडतोय तो थोडा थांबू शकतो, गप्प पडलाय त्याला आधी बघायचं. आणि जो हाती लागणार नाही, त्याच्यापाशी बसून राहायचं नाही."

विशी-पंचविशीतल्या पोराला हे ठरवायला लावायचं आणि मग पेन्शन देऊन घरी पाठवायचं.

मध्यंतरी गावाजवळच्या वळणावर उसाची ट्रॉली उलटली. मामांनी सगळ्यांना पट्ट्या बांधल्या, अॅम्ब्युलन्समध्ये चढवलं, आणि गोठ्यात जाऊन बसले ते रात्री जेवायलाही उठले नाहीत. मी हाक मारायला निघालो तर मामी म्हणाली, "नको. येतील आपणहून." इतक्या सवयीनं म्हणाली की माझ्या पोटात गोळा आला. लोक मात्र म्हणतात, फौजी माणूस, जरा तऱ्हेवाईक असायचाच.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी पळून जाणं, भ्याडपणा अशा आरोपांवरून गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना माफी मिळाली ती २००६ साली. त्यातले कित्येक मनानं पार खचलेले होते. माफी मिळाली तोवर त्यांच्या बायकाही बहुधा उरल्या नव्हत्या.

आणि गाझा. 'जखमी मूल, घरातलं कुणीही जिवंत नाही' अशी मुलं इतकी येऊ लागली की डॉक्टरांना त्यासाठी पाच अक्षरांचं लघुरूप वापरावं लागलं. त्या मुलाचं काय होत असेल ते सोडाच, दिवसभर ती पाच अक्षरं लिहिणाऱ्या डॉक्टरचं काय होत असेल?

साताऱ्याकडं अपशिंग्यासारखी गावं आहेत, जिथं पिढ्यान् पिढ्या घरटी माणूस फौजेत जातो. माझं म्हणणं आहे की अशा गावांत ठरलेल्या वारी मानसोपचाराचा डॉक्टर येऊन बसला पाहिजे. फौजीसाठी, आणि त्याच्या बायकोपोरांसाठीही, कारण गोठ्यापाशी तीच उभी असतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडं माजी सैनिक संघटनांनी ही मागणी लेखी करावी. अर्ज लिहून द्यायला मी तयार आहे. तोवर टेलिमानस या मानसिक त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. ओळखीच्या फौजीच्या घरी तो द्या, आणि शक्यतो वहिनींच्या हातात द्या.