विंडो सरकली म्हणजे हॅकर घुसला? अहो, जरा दम धरा

परवा रात्री पावणेअकराला आत्याचा फोन. ती कऱ्हाडला असते, घरातल्याच पुढच्या खोलीत डीटीपीचं काम करते, लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, वाढदिवसाचे फ्लेक्स वगैरे. आवाज अगदी रडवेला. "अरे, कंप्युटरमधे कुणीतरी शिरलंय. मी चहा ठेवायला आत गेले, येऊन बघते तर पत्रिका मोठ्या स्क्रीनवरनं उठून बारक्या स्क्रीनच्या कोपऱ्यात जाऊन बसलेली. मी हातसुद्धा लावला नाही रे!" तोवर तिने राउटरची पिन उपटली होती, आणि सकाळी नऊला गल्लीतला एक पोरगा फॉरमॅट मारायला येणार होता. तिच्या त्या मशीनमधे चौदा वर्षांच्या पत्रिकांच्या फायली आहेत, बॅकअप शून्य.

एवढा घोळ कशामुळे, तर एका फॉरवर्डमुळे. तिच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर आलेला, आणि मी चौकशी केल्यावर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही सापडला, म्हणजे बराच फिरलाय. थोडक्यात मजकूर असा: विंडो आपोआप हलत असेल तर १०० टक्के तुम्ही हॅक झालायत. मोबाईल कंप्युटरपासून तीन फूट लांब ठेवा, त्याच्या लहरींनीसुद्धा विंडो सरकतात. सिस्टम३२ फोल्डरमधल्या आजच्या तारखेच्या फायली व्हायरसच्या असतात, त्या उडवा, नाही उडाल्या तर लगेच फॉरमॅट मारा. खालच्या नंबरवर फोन करा, अ‍ॅप टाकून मोफत चेकिंग करून मिळेल. कॅमेऱ्याला चिकटपट्टी लावा. दिवसातनं दहा वेळा रिफ्रेश करा. शेवटी अर्थातच "प्रत्येक ग्रुपवर पाठवा, कुणाचा तरी संसार वाचेल".

माझं पोट कंप्युटर दुरुस्तीवर चालतं, म्हणून हे सगळं वाचून जरा जास्तच डोकं फिरलं.

पहिला मुद्दा, विंडो हलली म्हणजे हॅकर. आत्याकडे ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप आहे, विंडोज १० वाला, त्याला दोन मॉनिटर. मोठा डिस्प्लेपोर्टच्या केबलने जोडलाय आणि जुना बारका व्हीजीएने. आता होतं काय, दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की स्क्रीन झोपते. डिस्प्लेपोर्टवाले बरेच मॉनिटर झोपताना किंवा उठताना कंप्युटरशी असलेला संपर्कच तोडतात, म्हणजे विंडोजला वाटतं की मॉनिटर कुणी काढूनच नेला. मग त्याच्यावरच्या विंडो हरवू नयेत म्हणून ते त्या सगळ्या उचलून उरलेल्या मॉनिटरवर ठेवतं, तो लहान असला तर दाबून बारीक करून ठेवतं. दोन-चार सेकंदात मोठा मॉनिटर परत जागा होतो, पण तोवर बिऱ्हाड हललेलं असतं, आणि विंडोज १० ते परत जागेवर नेऊन ठेवेलच असं नाही. बस्स, एवढाच तो हॅकर.

हे मी मनाचं सांगत नाहीये. एप्रिल २०२१ मधे मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्स टीमने (विंडोजचं ग्राफिक्स बघणारी मंडळी) स्वतःच्या ब्लॉगवर ह्याच गोष्टीवर लेख लिहिला होता, की एकापेक्षा जास्त मॉनिटर डिस्प्लेपोर्टने जोडलेले असले की झोपेतून उठताना विंडोंची जागा बदलते. त्या भानगडीला त्यांनी नाव दिलंय रॅपिड हॉट प्लग डिटेक्ट, आणि त्यावर उपाय करतोय असंही तिथेच सांगितलं. तो पुढे विंडोज ११ मधे आला. ज्यांनी विंडोज बनवलं तेच म्हणतायत की विंडो आमच्या करणीने सरकतात, आणि इथे महिला मंडळ म्हणतंय हॅकर.

तरी आत्याला पटेना. म्हटलं व्हिडिओ कॉल लाव, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेव, आणि मोठ्या मॉनिटरचं पॉवर बटन दाब. राउटर अजून बंदच होता, म्हणजे बाहेरून कुणी यायची सोयच नाही. तिने बटन दाबलं. कोरलची, म्हणजे पत्रिका बनवायच्या सॉफ्टवेअरची, विंडो टुणकन बारक्या स्क्रीनवर, आणि तिच्यात "चि. सौ. कां." एवढंच दिसतंय, नवरीचं नाव काठाबाहेर गेलेलं. परत बटन दाबलं, मोठा मॉनिटर चालू झाला, पण मोकळाच, नुसता गणपतीचा वॉलपेपर. आत्या दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, "म्हणजे हॅकर बटनात बसला होता होय?" तिला इतका मोह पडला की तिने आणखी चार वेळा बटन दाबून बघितलं.

तुम्हालाही शंका असेल तर हीच परीक्षा करा, इंटरनेटची केबल काढा, वायफाय बंद करा आणि तरीही विंडो सरकतेय का बघा. सरकत असेल तर हॅकर तुमच्या घरात सोफ्यावर बसलेला असला पाहिजे.

बाकी कारणंही असतात, सगळीच डिस्प्लेपोर्टची नसतात. विंडो ओढत स्क्रीनच्या कडेला नेली की ती अर्ध्या स्क्रीनला चिकटते, हे विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून चालत आलंय, तरी लोक अजून दचकतात. चुकून विंडोज की, शिफ्ट आणि बाण एकत्र दाबले गेले तर विंडो थेट शेजारच्या मॉनिटरवर उडी मारते (हरवलेली विंडो परत आणायलाही हेच दाबायचं). विंडोज की आणि अधिकचं चिन्ह दाबलं गेलं तर भिंग चालू होतं, मग माउस जाईल तिकडे अख्खी स्क्रीन वाहत जाते, ते बंद करायला विंडोज की आणि एस्केप. टचस्क्रीन लॅपटॉपची काच बिघडली की स्क्रीन स्वतःच बोटं लागल्यासारखी वागते, तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमधे जाऊन टचस्क्रीन बंद करून बघायचा. आणि माउसचं डावं बटन आतून झिजलं की ते मधेच सोडतं, मधेच धरतं, धरलेली विंडो भलतीकडेच पडते. माझ्याकडे ह्या तक्रारीने आलेल्यांतले कितीतरी नुसता माउस बदलून परत गेलेत, आणि घरी जाऊन सांगतात की व्हायरस काढून आणला.

दुसरा मुद्दा मोबाईलच्या लहरींचा. ह्यात एक चिमूटभर खरं आहे, ते देऊन टाकतो. जुने डब्बा मॉनिटर होते ना, मागे कुबड असलेले, त्यांच्या जवळ स्पीकर किंवा चुंबक नेलं की चित्र थरथरायचं, रंग बिघडायचे. आणि फोन वाजायच्या आधी स्पीकरमधून टिर्र टिर्र यायचं ते तर सगळ्यांनीच ऐकलंय. पण तेव्हाही चित्र हलायचं ते स्क्रीनचं, आतली एकटी विंडो उठून चालायला लागायची नाही. विंडो कुठे आहे हे कंप्युटरच्या मेमरीत आकड्यांत लिहिलेलं असतं, डावीकडून इतकं, वरून इतकं. ते आकडे मोबाईल शेजारी ठेवला म्हणून बदलत नाहीत. मोबाईल लांब ठेवून काम जास्त होतं हे मात्र खरं, ते वेगळ्या कारणाने.

आता तिसरा, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो. सिस्टम३२ मधल्या आजच्या तारखेच्या फायली उडवा. अहो, हे कुणी लिहिलं असेल त्याला समोर बसवून विचारावंसं वाटतं की बाबा तुझं काय घोडं मारलं होतं लोकांनी? सिस्टम३२ म्हणजे विंडोजचं आतडं. त्याच्यात कॉन्फिग नावाचा फोल्डर आहे, तिथे रजिस्ट्रीच्या फायली असतात, म्हणजे तुमच्या मशीनच्या सगळ्या सेटिंग्जची वही. कंप्युटर वापरात असला की त्या वहीत काही ना काही लिहिलं जातंच, मग तिच्यावर आजची नाहीतर कालची तारीख असणारच! शेजारीच लॉगच्या फायली, त्यांचंही तेच. शिवाय मायक्रोसॉफ्टची अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, ती बसली की तिथल्या ढीगभर फायली ताज्या होतात. म्हणजे ह्या माणसाच्या हिशोबाने ज्यांचा कंप्युटर धडधाकट आहे आणि वेळेवर अपडेट होतो, त्यांनी सगळ्यात जास्त फायली उडवायच्या. विंडोज चालू असताना त्यातल्या बऱ्याच उडवू देत नाही, म्हणून तर लोक वाचतात, आणि नेमकं तिथेच ह्या फॉरवर्डचा कावा आहे, "नाही उडाल्या तर फॉरमॅट मारा". म्हणजे कुलूप उघडत नाही म्हणजे आत चोर आहे, घर पाडा.

फॉरमॅट हा शब्द आपल्याकडे क्रोसिनसारखा झालाय. स्लो चालतोय, फॉरमॅट. आवाज येत नाही, फॉरमॅट. गल्लीतल्या पोरांना तेच सोपं पडतं, पेन ड्राइव्ह लावायचा, नेक्स्ट नेक्स्ट करायचं, काही शे रुपये घ्यायचे. सी ड्राइव्ह पुसला की डेस्कटॉपवरचं आणि डॉक्युमेंट्समधलं सगळं जातं, आणि आत्यासारख्यांचं सगळं जगच डेस्कटॉपवर असतं. तिचे तर मराठीचे जुने फाँटही त्याच ड्राइव्हवर, त्यातले काही ज्याच्याकडून घेतले तो माणूस आता धंद्यातच नाही. त्या फाँटशिवाय जुनी पत्रिका उघडली की गणपतीच्या श्लोकाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा उकिरडा दिसतो. हे सगळं एका झोपलेल्या मॉनिटरपायी जाणार होतं.

चौथा मुद्दा, नंबर. इथे मला हसू येत नाही. फॉरवर्डमधला नंबर मी इथे देणार नाही, लावूनही बघितला नाही, तुम्हीही बघू नका. "फोन करा, अ‍ॅप टाका, मोफत तपासून देतो", हेच तर खरं शिरणं आहे. फेब्रुवारी २०१९ मधे रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केलं होतं ते ह्याच पद्धतीबद्दल. एनीडेस्क, म्हणजे लांबून दुसऱ्याचा फोन किंवा कंप्युटर चालवायचं अ‍ॅप, टाकायला सांगतात, मग त्यात येणारा नऊ आकडी कोड विचारतात, तो दिलात आणि पुढच्या परवानग्यांना हो हो केलंत की तुमचा फोन त्यांच्या हातात. अ‍ॅप वाईट नाही, मी स्वतः रोज असली अ‍ॅप वापरतो गिऱ्हाइकांसाठी, पण ती चावी आहे, आणि चावी अनोळखी माणसाला खिडकीतून द्यायची नसते. म्हणजे गंमत बघा, ज्याच्या घरात कुणी शिरलेलं नाही त्याला घाबरवून त्याच्याच हाताने दार उघडायला लावायचं.

आणि हो, अर्धं खरं कबूल करतो, नाइलाजाने. लांबून कुणीतरी कंप्युटर चालवतंय असं होऊ शकतं. पण ते वेगळं दिसतं. बाण मुद्दाम चालतो, ब्राउझर उघडतो, बँकेच्या पानावर जातो, काहीतरी टाइप होतं. विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपने कुणी आलं तर तुमच्या समोरची स्क्रीन लॉक होते, तुम्हाला विंडोंचा नाच दिसतच नाही. आणि जे खरोखर पासवर्ड चोरायला आलेत ते गुपचूप चोरून जातात, पत्रिका ह्या स्क्रीनवरून त्या स्क्रीनवर मांडत बसत नाहीत. तसं काही दिसलं, आणि विशेषतः आधी कुणाच्या तरी सांगण्यावरून अ‍ॅप टाकलेलं असलं, तर नेट तोडा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, पैसे गेले असतील तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, लगेच फोन करा. तिथे उशीर करायचा नाही. फॉरवर्डमधे एवढे उपाय आहेत, १९३० कुठेच नाही, ह्यावरूनच काय ते ओळखा.

चिकटपट्टी लावा हो, खुशाल लावा, कुणाचं काही जात नाही. आत्याच्या डेस्कटॉपला कॅमेराच नाही, तरी तिने मॉनिटरच्या लाइटवर लावली होती. रिफ्रेशने डेस्कटॉपवरचे आयकॉन परत काढले जातात, बाकी काही होत नाही, पण आपल्याकडे लोकांना उजवं बटन दाबून रिफ्रेश मारल्याशिवाय चैन पडत नाही, त्याला माझा इलाज नाही, मी पण मारतो.

उपाय काय केला ते सांगतो. आत्याच्या मशीनवर सेटिंग्ज, सिस्टम, पॉवर अँड स्लीप, तिथे स्क्रीन बंद व्हायची वेळ 'नेव्हर' केली. काही मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूमधे डीप स्लीप म्हणून असतं, तेही बंद करून बघावं. विंडोज ११ असेल तर सिस्टम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज मधे 'रिमेंबर विंडो लोकेशन्स बेस्ड ऑन मॉनिटर कनेक्शन' वर टिक आहे का बघा, ती असली की मॉनिटर परत आल्यावर विंडो आपापल्या जागी जातात. विंडोज १० ला ही सोय नाही, आणि त्याचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा ते मशीन कधीतरी बदलावं लागणारच आहे, पण ते लग्नसराई झाल्यावर.

सकाळी नऊला तो पोरगा आलाच. आत्याने त्याला चहा दिला, बटन दाबून विंडो उडवून दाखवली आणि बिनफॉरमॅटचा परत पाठवला. मग मला फोन, "स्क्रीन आता बंदच होत नाही, लाइट बिल वाढेल त्याचं काय?" म्हटलं चहाला जाताना काम सेव्ह कर आणि दाब बटन, विंडो सरकली तर सरकू दे, आता माहितीये ना कोण सरकवतंय. आणि येत्या रविवारी मी हार्ड डिस्क घेऊन येतोय, त्या चौदा वर्षांच्या पत्रिका आधी तिच्यात टाकू.

"ये," म्हणाली, "आणि येताना तो नवीन माउसही आण, ह्याचं डावं बटन जरा अडकतंय."