तक्रारसुद्धा प्रार्थनाच असते

प्रार्थनेवरचा तुमचा लेख वाचला. प्रार्थना म्हणजे देवाकडे दिलेला अर्ज नव्हे, हे त्यातलं म्हणणं शंभर टक्के पटलं. पण रोज प्रार्थना केली की चिंता उरतच नाही, असंही त्यात म्हटलंय, ते जरा घाईचं झालं. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं ८८वं स्तोत्र काढून बघा. पहिल्या ओळीपासून गाऱ्हाणं, आणि शेवट होतो तोही अंधारातच. तरी ते पवित्र शास्त्रात आहे!

बायबलमधल्याच रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायात ते लिहिणारा प्रेषित पौल क्लेश, छळ, उपासमार, तलवार अशी यादीच देतो. हे टळेल असं तो कुठेच म्हणत नाही. यातलं काहीही ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला तोडू शकत नाही, एवढंच म्हणतो. मला खात्री वाटते ती इथे.

आमच्या वसईकडे संध्याकाळी घरात रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होते. आई आजारी होती तेव्हा तिला शब्द आठवेनात. ती नुसते मणी सरकवायची, आम्ही मोठ्याने म्हणायचो. तिची प्रार्थना अपुरी होती असं कोण म्हणेल?

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगलं. तरी पुढे अभंगातून ख्रिस्ताला आळवत राहिले. त्यांच्यावरही लिहा की कधीतरी.