एक खड्डा घेतला असता तर

एक साधा ट्रायल पिट, म्हणजे जमिनीखाली काय आहे ते बघायचा चाचणी खड्डा! जेसीबीचं अर्ध्या तासाचं काम. बांधकाम खात्याने एस्टिमेट करताना तो घेतला नाही, म्हणून १४ महिने मी, ठेकेदार, माझ्याच पैशांसाठी हेलपाटे मारतोय.

शाळेच्या दोन खोल्यांचं काम, बी-१ टेंडर. पायाची खोदाई मऊ मुरमात धरलेली. चार फुटांवर लागला काळा पाषाण! तीन दिवस ब्रेकर चालला, छिन्नी दोनदा बदलली. शाखा अभियंता शेजारी उभे राहून फोटो काढत होते. "काम थांबवू नका, एक्स्ट्रा आयटम टाकू, ईआयआरएल (जादा बाबींच्या दरांची यादी) पाठवतो." लेखी द्या म्हटलं तर म्हणे, "विश्वास नाही का?" पुढे त्यांची बदली झाली. एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तकात, खडकाची एक ओळ नाही. नवे साहेब मलाच विचारतात, "टेंडर भरताना साइट पाहिली नव्हती का?" पाहिली होती ना! वर गवत होतं, साहेब!

बी-१ मध्ये दर खात्याचे, परिमाणं खात्याची. आम्ही फक्त किती टक्के वर किंवा खाली तेवढं भरायचं. बी-२ मध्ये निदान आयटमवार दर तरी आमचे असतात. मग एस्टिमेट चुकलं तर भुर्दंड आमच्या माथी का? करारातला क्लॉज ३८ बघा, परिमाण सव्वापट होईपर्यंत दर तोच. भांडायचं तर क्लॉज ३०, निवाडा अधीक्षक अभियंत्यांचा. म्हणजे ज्या खात्याने चूक केली त्याच खात्याचा!

आणि तो ३० टक्के बिलो, म्हणजे एस्टिमेटपेक्षा तेवढं कमी भरून जाणारा काय वेडा असतो? त्याला एस्टिमेटमधली भोकं आधीच दिसलेली असतात. काम खिशात पडलं की एक्स्ट्रा आयटमची पत्रं सुरू. सरळ माणूस ४ टक्के बिलो भरून घरी बसतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने काही कामांत टेंडर निवडताना गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन द्यायची मुभा दिली. आमच्यासारख्या छोट्या कामांना त्याचा काय उपयोग? इथे अजूनही सगळ्यात खालचा आकडा तोच देव.

वाद कामावर होत नाहीत हो. ते टेंडरच्या कागदातच लिहिलेले असतात, आम्ही फक्त खाली सही करतो.

ब्रेकरवाल्याला मी त्याच आठवड्यात रोख पैसे दिले, बायकोचे दागिने गहाण ठेवून. सोमवारी परत जातोय. लेखी उत्तर हातात पडल्याशिवाय खुर्चीवरून उठणार नाही.