‘पॅकिंग फेका, सिलिकॉन लावा’: जुन्या बुलेट-येझदीच्या गळतीवर फिरणाऱ्या सल्ल्याला उत्तर

धुळे-जळगावच्या गॅरेजांपासून मोबाइलपर्यंत सध्या एक सल्ला फिरतोय: “कागदी पॅकिंग फेकून द्या, कव्हरच्या दोन्ही फेसला भरपूर सिलिकॉन लावा, स्क्रू फुल आवळा, तासाभरात तेल भरून गाडी काढा. बुलेट असो की येझदी, हाच इलाज. तरी गळालं तर जुनी गाडी गळणारच.” (पॅकिंग म्हणजे इंजिन आणि त्याचं कव्हर यांच्या सांध्यातला कागद, सिलिकॉन म्हणजे त्याऐवजी लावायची ट्यूबमधली पेस्ट, फेस म्हणजे सांध्याची सपाट बाजू.) हा सल्ला ऐकून चांगली इंजिनं खराब होतात. म्हणून एकेक दावा तपासू.

पहिला, “भरपूर सिलिकॉन”. कव्हर दाबलं की जास्तीचं सिलिकॉन बाहेर येतं तेवढंच आतही जातं. बाहेरचं बोटाने पुसता येतं. आतली दोरी मात्र तशीच लोंबत राहते, गरम तेलात सुटते आणि तेलाच्या जाळीत किंवा तेलाच्या वाटेत जाऊन अडकते. बीडाच्या (कास्ट आयर्न) इंजिनाच्या जुन्या बुलेटमध्ये हा धोका सगळ्यात मोठा आहे, कारण क्रँककडे (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य शाफ्टकडे) जाणारं तेल टायमिंग कव्हरमधल्या वाटांतूनच जातं. ती वाट बुजली तर बिग एंड (क्रँकवरचं कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग) कोरडा पडतो. गळती दिसते तरी, हे दिसतच नाही. त्यामुळे टायमिंग कव्हरला कागदी पॅकिंगच हवं, साधारण 0.5 मिमीच्या ऑइल पेपरचं. दोन्ही बाजूंना ग्रीसचा पुसट हात फिरवला तर पुढच्या वेळी ते न फाटता निघतं. पॅकिंग घरी कापत असाल तर तेलाची भोकं कव्हरशी लावून बघा. एखादं भोक अर्धं झाकलं गेलं तरी पुरवठा कमी होतो. कागद कव्हरवर ठेवून हातोडीने ठोकत कापू नका, फेसच्या कडेचे टवके उडतात. तेलपंपाच्या झाकणांखाली सिलिकॉन अजिबात नको.

जिथे सिलिकॉन लावायचंच आहे तिथे एकाच फेसवर, 1 मिमीची अखंड रेघ, स्क्रूच्या भोकांच्या आतल्या अंगाने. तेलाच्या भोकाजवळ नाही.

फेस खराब असेल तर कागद आणि सिलिकॉन दोन्ही हरतात. कव्हर काढताना सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं की ओरखडा पडतो, आणि तेल त्याच ओरखड्यातून वाट काढतं. रबरी हातोडीने कडेकडेने ठोका, कव्हर सुटतं. जुना कागद लाकडी पट्टीने खरवडा. मग जाड काचेवर 400 नंबरचा वॉटर पेपर, त्यावर रॉकेलचे थेंब, आणि कव्हर आठाच्या आकड्यात हलक्या हाताने फिरवा. चार-पाच फेऱ्यांनी उचलून बघा: जिथे चमक आली तो भाग उंच, जिथे जुना काळपटपणा राहिला तो खोल. पूर्ण फेस एकसारखा दिसला की थांबा. 0.05 मिमीची फिलर गेजची (फट मोजायची) पट्टी काच आणि कव्हर यांच्यात कुठेच शिरता कामा नये.

दुसरा दावा, “फुल आवळा”. बऱ्याच कव्हरांचे फेस याच सवयीने बिघडलेले असतात. जास्त आवळल्याने भोकाभोवतीचं ॲल्युमिनियम वर उचललं जातं, दोन स्क्रूंच्या मधला भाग कमानीसारखा वाकतो आणि गळती नेमकी तिथून सुरू होते. 6 मिमीच्या स्क्रूला 8 ते 10 न्यूटन-मीटर पुरे. आधी सगळे हाताने टेकवा, मग समोरासमोरचे आळीपाळीने, दोन-तीन टप्प्यांत. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो. हाताला घट्ट लागतो, पण कव्हर सैलच राहतं. म्हणून काढतानाच पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून स्क्रू आपापल्या जागी खोचून ठेवा. बंद भोकात तेल साचलेलं असेल तर तेही आधी पुसून घ्या. त्या तेलाच्या दाबाने भोकाची भिंत तडकू शकते. जुन्या इंग्रजी (इंची) आट्यांत मेट्रिक स्क्रू रेटू नका.

बुलेटच्या प्रायमरी चेनचं (इंजिनातून क्लचकडे जाणाऱ्या साखळीचं) बाहेरचं कव्हर तर मधल्या एकाच नटवर बसतं, कडेला खाचेत रबरी सील. तो नट जास्त आवळला की मधला भाग दबतो आणि कड उचलते. सीलला सिलिकॉन चोपडलं तर ते खाचेतून घसरतं. नवं सील कोरडंच बसवा आणि नटखालचा वॉशर बदला. तेल लेव्हल स्क्रूपर्यंतच.

“तासाभरात गाडी काढा” हे तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात मुळीच चालत नाही. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यावर पिकतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 च्या आसपास जातो आणि हवा कोरडीठाक असते. वरची साय धरली तरी आतलं कच्चंच राहतं. पूर्ण 24 तास थांबा.

येझदीला तोच इलाज? साफ चूक. येझदी दोन स्ट्रोकची. तिच्या क्रँककेसमधून (क्रँकभोवतीच्या बंद पेटीतून) पेट्रोल-तेलाचं मिश्रण जातं आणि पेट्रोलने साधं सिलिकॉन फुगून सुटतं. तिथे पेट्रोल सोसणारा सीलंटच हवा. क्लच कव्हरमधून किक-गिअरचा शाफ्ट बाहेर येतो. तिथली गळती सीलची किंवा झिजलेल्या शाफ्टची असते, कव्हरच्या पॅकिंगची नाही. आणि बाहेर थेंब नसताना गिअरचं तेल घटतंय, धूर वाढलाय, तर क्लच बाजूचं क्रँक सील बघा.

राहिलं “जुनी गाडी गळणारच”. 350 बुलेटचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 70 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 90 मिमी. म्हणजे पिस्टन खाली येताना दर वेळी 346 सीसी हवा क्रँककेसमध्ये ढकलतो, मिनिटाला 3000 फेऱ्या असताना सेकंदाला 50 वेळा. ही हवा ब्रीदरच्या रबरी तोंडातून बाहेर जायला हवी. रबर कडक झालं, चिकटलं किंवा नळी चिखलाने बुजली की दाब सगळ्यात कच्च्या सांध्यातून तेल ढकलतो. तो सांधा बंद केला की दुसरा गळायला लागतो, आणि मालक पॅकिंगवर पॅकिंग बदलत बसतो. कव्हर उघडण्याआधी ब्रीदर बघा. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर तेलाच्या टाकीतलं तेल क्रँककेसमध्ये उतरलेलं असतं. किक मारण्याआधी ते खालच्या ड्रेन प्लगने काढा.

गळती नेमकी कुठून, हेही डोळ्यांना फसवतं. काळ्या मातीची धूळ तेलावर बसते आणि सगळं इंजिन सारखंच मळकट दिसतं. रॉकेलने धुवा, कोरडं करा, टाल्कम पावडर भुरभुरवा आणि दहा-पंधरा किलोमीटर फिरवून या. पहिली ओली रेघ जिथून निघते, तिथेच काम करा.

कागदी पॅकिंग बसवलं असेल तर इंजिन एकदा गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर स्क्रू त्याच मापाने पुन्हा तपासा, कागद थोडा बसलेला असतो. सिलिकॉनचा सांधा मात्र पिकल्यानंतर पुन्हा आवळू नका, थर तुटतो.