डब्याचं भाडं

ज्यांच्या घरात वायफायचा पांढरा डबा लुकलुकतोय त्यांनी आत्ता उठा, इंटरनेटचं बिल काढा आणि खालच्या बारीक अक्षरातल्या ओळी वाचा. ‘ओएनटी रेंट’ (ओएनटी म्हणजे तोच डबा), ‘डिव्हाइस चार्ज’ असं काहीतरी सापडेल. नाही सापडलं तर तुमचा नेटवाला भला माणूस आहे, त्याला चहा पाजा. सापडलं तर पुढे वाचा. पोस्ट मोठी आहे, डोकं गरम आहे, सांभाळून घ्या.

आमच्या गल्लीतल्या एक मावशी आता सुरतला मुलाकडे कायमच्या राहायला चालल्या आहेत. एकट्या राहायच्या. नातवंडांचं तोंड मोबाइलवर दिसावं म्हणून मुलाने नेट लावून दिलं होतं. आता घर बंद करायचं, तर नेटही बंद करायचं. डबा न्यायला आज दुपारी एक पोरगा आला. डबा उलटा केला, मागच्या स्टिकरचा फोटो काढला, ॲडॉप्टर हातात घेतला आणि म्हणाला, "मावशी, हा ॲडॉप्टर कंपनीचा नाही. डिपॉझिट मिळणार नाही."

मिळणार नाही म्हणजे? पंधराशे रुपये डिपॉझिट आहे!

तो ॲडॉप्टर मी दिलेला आहे. मूळचा जळला तेव्हा मावशींनी कंपनीला फोन लावून लावून कंटाळून माझ्या दुकानात निरोप पाठवला. जळणारच होता. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर, आणि मावशींनी त्या डब्यावर क्रोशाचा रुमाल घातलेला, वर धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकही. आतली हवा भट्टीसारखी. मी रुमाल काढला, बारा व्होल्ट एक अँपिअरचा नवा ॲडॉप्टर लावला, दिवा हिरवा झाला. मोटर रिवायंडिंगचा धंदा आहे माझा, बारा व्होल्ट मला कळतात. कंपनीच्या जळलेल्या ॲडॉप्टरवरही बारा व्होल्ट एक अँपिअरच लिहिलं होतं. डबा तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे. आणि आता तोच ॲडॉप्टर गुन्हा झाला.

मावशी पोराला काही बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "भाऊ, इतला वरीस पैसा भरात ना मी, मंग हाई डबडं मनं कसं नही?"

इतकी वर्षं पैसे भरले, मग डबा माझा कसा नाही? सांगा आता काय उत्तर द्यायचं ते.

हिशेब करू. भाडं महिना १००. त्यावर जीएसटी १८ टक्के. झाले ११८. वर्षाचे १४१६. चार वर्षांचे ५६६४. डिपॉझिटचे १५०० मिळवा, ७१६४. आणि हा डबा बाजारात केवढ्याला? साधा ओएनटी दीड-दोन हजाराच्या आत येतो. जळगावला गोलाणी मार्केटला जाऊन विचारा, नाहीतर ऑनलाइन बघा. म्हणजे पहिल्याच दिवशी डिपॉझिटमध्ये डब्याची किंमत जवळपास वसूल, आणि नंतरचं प्रत्येक महिन्याचं भाडं निव्वळ वरकड. वर डबा परतही द्यायचा, तोही त्यांच्या ॲडॉप्टरसकट!

कुठला शेतकरी विहिरीवरची मोटर जन्मभर भाड्याने घेईल? जळली तर माझ्याकडे आणतो, भरून घेतो, घासाघीस करतो, शिव्या घालतो, पण मोटर त्याची असते.

आणि आपण अमळनेरकर. १९४५ साली ज्या गावात वनस्पती तुपाच्या कारखान्यातून विप्रो सुरू झाली ते गाव. बापजाद्यांनी घेऊन पेटीत टाकलेल्या शेअरांवर इथे लोकांनी घरं बांधली, पोरींची लग्नं केली. स्वतःच्या नावावर चार कागद असले की काय होतं हे आपल्याला बाहेरच्यांनी शिकवायची गरज नाही. तेच लोक डब्याच्या बाबतीत महिन्याच्या महिन्याला ११८ रुपये भरतात आणि विचारत नाहीत, हे मला पटत नाही.

काही मित्र म्हणतील, शंभर रुपयांसाठी एवढी पोस्ट? शंभर रुपये तुमच्यासाठी काही नसतील. मावशींनी मिरच्या वाळवून, पापड-कुरडया करून विकलेल्या पैशातले आहेत ते. मुलगा पाठवायचा, पण नेटचं बिल त्या स्वतः भरायच्या, "नातू मना शे" (नातू माझा आहे) म्हणायच्या. त्यामुळे शंभर रुपयांची टिंगल माझ्या पोस्टखाली करू नका. केली तर उडवीन.

बरं, थोडं तांत्रिक बोलतो. खांबावरून घरात काचेची बारीक तार येते, टोकाला हिरव्या टोपीचं कनेक्टर असतं. त्या तारेतून प्रकाश येतो. त्या प्रकाशाचं आपल्या कामाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करतो तो ओएनटी. आणि घरभर वायफाय पसरवतो तो राउटर. बहुतेक ठिकाणी दोन्ही एकाच डब्यात बसवलेले असतात, म्हणून आपण सगळ्याला डबाच म्हणतो. कंपनीच्या टोकाला जे मोठं यंत्र असतं त्यात तुमच्या ओएनटीचा नंबर नोंदवावा लागतो. नोंद नसेल तर डबा जोडला जात नाही आणि काही चालत नाही. "बाहेरचा डबा आमच्याकडे चालत नाही" असं ते सांगतात त्यात एवढंच तथ्य आहे. त्यांच्याकडे जीपॉन आहे की ईपॉन (फायबरवरून नेट पाठवायच्या दोन पद्धती) हे बघून घ्यावं लागतं, आणि दोन्हींवर चालणारे डबेही मिळतात. नंबर नोंदवायला किती वेळ लागतो? त्या पोराने आज मावशींच्या डब्याचा फोटो काढायला घेतला तेवढाच.

आणि समजा ते ऐकायलाच तयार नाहीत. तर त्यांचा ओएनटी भिंतीवर राहू द्या, त्याला ब्रिज मोडवर टाकायला सांगा (म्हणजे तो फक्त सिग्नल पुढे देईल, बाकी काम तुमचा राउटर करेल), पीपीपीओईचा म्हणजे नेटला लॉगिन करायचा युजरनेम-पासवर्ड मागून घ्या आणि पुढे स्वतःचा राउटर लावा. भाड्यात वायफायचे वेगळे पैसे लावत असतील तर ते कापायला सांगा. पासवर्ड देताना कुरकुर करतील. कनेक्शन तुमच्या नावावर आहे, मागा.

स्वतःचा राउटर का, तर भाड्याचा डबा बहुतेक वेळा जुनाच असतो. एका घरातून काढायचा, फडक्याने पुसायचा, दुसऱ्या घरात लावायचा. वायफायच्या लहरींचे मुख्य दोन पट्टे, म्हणजे बँड, असतात: २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. मावशींचा डबा तर फक्त २.४ गिगाहर्ट्झवाला होता. प्लॅन १०० एमबीपीएसचा विकला आणि डबा असा दिला की मोबाइलवर त्याच्या निम्मा वेगही येईना. वेगाला ५ गिगाहर्ट्झचा बँड लागतो. तो जाड भिंतींतून नीट जात नाही, आणि आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांच्या भिंती हात-हात रुंद, हे खरं. पण दोन्ही बँडचा राउटर असला की समोरच्या खोलीत वेग मिळतो आणि मागच्या खोलीत निदान चालतं तरी. कुठला डबा कुठे बसवायचा हे आपल्या घराच्या भिंती बघून आपण ठरवायचं की गोदामात काय शिल्लक आहे ते बघून त्यांनी?

माझा भाचा अमेरिकेत आहे. त्याला व्हॉट्सॲपवर हे सगळं रेकॉर्ड करून पाठवलं तर तो हसायलाच लागला. म्हणे मामा, इथेही हेच. तिकडे बऱ्याच घरांत केबल टीव्हीच्याच जाड तांब्याच्या वायरीतून नेट येतं, त्याला केबल मोडेम लागतो, आणि कंपन्या त्याचं महिन्याला दहा-पंधरा डॉलर भाडं लावतात. त्याने स्वतःचा मोडेम विकत आणला. कंपनीच्या यादीत ते मॉडेल चालतं का बघितलं, मागचा मॅक नंबर (त्या यंत्राचा ओळख क्रमांक) कळवला, झालं. वर्षभराच्या भाड्यात मोडेमचे पैसे निघाले. त्याने आणखी एक सांगितलं ते ऐकून मी थक्क झालो. तिथे काही कंपन्या स्वतःचं यंत्र वापरणाऱ्या गिऱ्हाइकाकडूनही भाडं घ्यायच्या! शेवटी २०१९च्या डिसेंबरमध्ये त्यांच्या संसदेने कायदा केला की जे यंत्र तुम्ही दिलेलंच नाही त्याचं भाडं लावायचं नाही, आणि २०२०च्या डिसेंबरपासून तो लागू झाला. त्याच्याही आधी, १९६८ साली, कार्टरफोन नावाच्या यंत्रावरून तिथे निकाल लागला होता की टेलिफोनच्या जाळ्याला नुकसान होत नसेल तर बाहेरचं यंत्र जोडायला कंपनीने अडवू नये. म्हणजे भांडण जुनंच आहे. तिथले लोक भांडले, एवढाच फरक.

अमेरिका सोडा, आपल्या देशातलं बघा. वीज कायदा २००३, कलम ५५. मीटरसाठी वीज कंपनी अनामत घेऊ शकते, भाड्याचा करार करू शकते, पण ग्राहकाने स्वतः मीटर विकत घ्यायचं ठरवलं तर नाही. कायद्यातच लिहिलंय. आता विचार करा, ज्या मीटरवर कंपनीचं बिल ठरतं ते मीटरसुद्धा विकत घ्यायची मुभा कायदा देतो, आणि नातवाचा चेहरा दाखवणारा डबा मात्र मावशींनी भाड्यानेच घ्यायचा?

हां, एक गोष्ट मान्य करतो, तोंड वाकडं करून का होईना. भाड्याचा डबा जळला तर तो बदलून देणं कंपनीचं काम, स्वतःचा जळला तर खिशाला चाट. मृगाच्या आधी विजा कडकडतात तेव्हा आमच्या दुकानात जळक्या वस्तूंचा ढीग लागतो. पण फायबर काचेचा असतो, त्यातून विजेचा झटका येत नाही, तो येतो भिंतीतल्या सॉकेटमधून. पावसाळ्यात वादळ आलं की प्लग काढा, काम संपलं. आणि ‘बदलून देऊ’चं काय झालं ते मावशींना विचारा. ॲडॉप्टर जळला तेव्हा कुठे होते हे लोक?

परीक्षेच्या अभ्यासाला वर्षभर खोली करून राहणाऱ्या पोरांनी भाड्याचा डबा घेतला तर माझं काही म्हणणं नाही. त्यांना तेच परवडतं. पण स्वतःच्या घरात राहणाऱ्याने?

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या पोराचा यात काही दोष नाही. उन्हातान्हात सायकल हाणत दहा घरं फिरतो, त्याला वरून जे सांगितलं ते त्याने बोलून दाखवलं. मावशींनी त्याला माठातलं पाणी दिलं, वर गूळही ठेवला. डिपॉझिट बुडवायला आलेल्याला गूळ! मी तिथेच उभा होतो, मला काही सुचेना.

पण ज्याने ‘ॲडॉप्टर कंपनीचा नसेल तर डिपॉझिट जप्त’ हा नियम लिहिला त्याच्यावरचा राग कायम आहे. एका ॲडॉप्टरची किंमत दीडशे-दोनशे रुपये. तेवढे कापा, पावती द्या, उरलेले द्या. पूर्ण पंधराशे कसे कापता? मी पोराला तेच म्हणालो. तो म्हणाला साहेबांना विचारतो. साहेबांचा फोन लागला नाही. मग मी डबा परत टेबलावर ठेवला आणि सांगितलं, डिपॉझिट घेऊन ये, डबा घेऊन जा, तोवर हा माझ्याकडे.

तर मित्रांनो, कनेक्शन घेताना तीन-चार गोष्टी विचारा. डबा भाड्याने की विकत, की प्लॅनबरोबर फुकट? फुकट असेल तर कनेक्शन बंद करताना परत मागणार का? डिपॉझिट परत मिळणार हे पावतीवर लिहून देणार का? माझा डबा आणला तर नंबर नोंदवणार का? तोंडी उत्तर घेऊ नका, व्हॉट्सॲपवर मागा. डबा घरात आला की मागच्या स्टिकरचा आणि ॲडॉप्टरचा फोटो काढून ठेवा. परत देताना समोरच्याची सही घेतल्याशिवाय दाराबाहेर जाऊ देऊ नका. म्हातारी माणसं घरात एकटी असतील तर हे सगळं तुम्ही करा, त्यांच्या भरवशावर सोडू नका.

माझ्या यादीत केबलचा नि नेटचा धंदा करणारे बरेच जण आहेत, त्यातले दोघं-तिघं लंगोटीयार. त्यांना राग येणार, येऊ द्या. तुमचा खर्च मला माहीत आहे. खांबाचे पैसे, कापलेली तार, ट्रॅक्टरवाल्याने तोडलेली फायबर, वरच्या कंपनीला द्यायचा हिस्सा, सगळं मान्य. मग नेटचे पैसे पन्नासने वाढवा आणि उघड सांगा, लोक देतील. डब्याच्या आडून घेऊ नका. दुकानाच्या पाटीवर ‘डबा विकत मिळेल, वर्षाच्या गॅरंटीसह’ एवढी ओळ रंगवा. जो रंगवेल त्याने मला फोटो टाकावा, माझ्याकडे मोटर घेऊन येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्याकडेच पाठवतो.